सॉफ्टवेअर-पाठांची काठिण्यनिहाय मांडणी

सॉफ्टवेअर ऑनलाइन शिकविणाऱ्या पाठांची, शिकणाऱ्याच्या पूर्वज्ञानाचा विचार करून केलेली श्रेणीबद्ध रचना. प्राथमिक, मध्यम व प्रगत ही विभागणी सर्वपरिचित आहे.

या मांडणीचे मूळ सामान्यतः क्रमान्वित अध्ययनात शोधले जाते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात पुरस्कारिलेल्या अध्यापनयंत्रांत आशय लहान लहान चौकटींत विभागून सर्वांना एकाच क्रमाने दिला जाई. त्याच सुमारास नॉर्मन क्राउडर यांनी शाखीय पद्धती पुढे आणली, तीत चुकलेल्यास त्याच्या चुकीचा खुलासा करणाऱ्या निराळ्या पानाकडे वळविले जाई. बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या सहास्तरीय वर्गीकरणाकडेही (ज्ञान, आकलन, उपयोजन इत्यादी) काही अभ्यासक मूळ म्हणून पाहतात. परंतु ते उद्दिष्टांचे वर्गीकरण आहे, आणि सॉफ्टवेअरच्या अगदी पहिल्या पाठातही ज्ञानाबरोबर उपयोजन येतेच. रॉबर्ट गान्ये यांनी १९६० च्या दशकात विशद केलेली अध्ययनश्रेणी हा अधिक जवळचा पूर्वज मानणे सयुक्तिक ठरेल, कारण तीत ‘हे जमण्यासाठी आधी काय यायला हवे?’ असे उद्दिष्टापासून मागे मागे विचारत क्रम ठरविला जातो.

प्रत्यक्षात मात्र पाठाची पातळी पुष्कळदा त्यात शिकविल्या जाणाऱ्या सुविधेच्या दबदब्यावरून ठरते. स्प्रेडशीटमधील पिव्होट टेबल (मोठ्या तक्त्याचा गटवार सारांश देणारी सुविधा) बहुधा प्रगत गटात टाकले जाते. वास्तविक त्यासाठी एकही सूत्र लिहावे लागत नाही, स्तंभांना शीर्षके असलेला नीटनेटका तक्ता पुरतो. याउलट सोपे समजले जाणारे व्हीलूकअप (तक्त्यात एखादे मूल्य शोधून त्याच ओळीतील दुसरी नोंद आणणारे सूत्र) अनेक गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवायला लावते : सूत्र खाली ओढताना कक्षा (शोधावयाच्या पेशींचा पट्टा) सरकू नये म्हणून डॉलरचिन्ह हवे, आणि जुळणीचा प्रकार सांगणारे सूत्रातील चौथे पद गाळल्यास अंदाजे जुळणी गृहीत धरली जाऊन क्रमवार नसलेल्या यादीतून चुकीचे उत्तर कोणतीही सूचना न देता येऊ शकते. शिकताना स्मरणावर पडणाऱ्या ताणाचा विचार करणाऱ्या जॉन स्वेलर यांच्या बोधभार सिद्धांतानुसार काठिण्य अशा एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागणाऱ्या परस्परावलंबी घटकांच्या संख्येवर अवलंबून असते. पातळीचा निकष म्हणून हाच दृष्टिकोन अधिक उपयुक्त दिसतो. नवख्यास उपकारक ठरणारे सविस्तर मार्गदर्शन जाणकारास अडथळा ठरू शकते, हेही याच परंपरेतील संशोधनाने दाखविले आहे, म्हणून प्रगत पाठात प्राथमिक खुलाशांची पुनरुक्ती टाळणे इष्ट होय.

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार पातळीही बदलते. व्हीलूकअपनंतर त्याच कामासाठी आलेले एक्सलूकअप मुळातच अचूक जुळणी धरून चालते. त्यामुळे व्हीलूकअपच्या पाठातील एक पूर्वअट, म्हणजे चौथ्या पदाची जाण, त्याच्या पाठातून गळून पडते.