दूरस्थ प्रकाशीय नाडीमापन

शरीराला काहीही न लावता, चेहऱ्याच्या व्हिडिओतील रंगाच्या अतिसूक्ष्म चढउतारांवरून हृदयस्पंदनाचा दर काढण्याची पद्धत. संशोधनात ती ‘आरपीपीजी’ (रिमोट फोटोप्लेथिस्मोग्राफी) या नावाने रूढ आहे.

त्वचेवर प्रकाश टाकून नाडीची नोंद घेण्याचे हर्ट्झमन यांचे काम १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धातले. कॅमेऱ्याने, स्पर्शाविना अशी नोंद घेण्याचे प्रयोग साधारणपणे २००० च्या सुमारास सुरू झालेले दिसतात. तरीही खोलीतला नेहमीचा उजेड आणि साधा कॅमेरा पुरतो हे ठसठशीतपणे दाखवणारा व्हरक्रायसे, स्वासांड व नेल्सन यांचा २००८ चा निबंध हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. २०१० मध्ये एमआयटीतील पो, मॅकडफ व पिकार्ड यांनी वेबकॅमवर हेच साधले.

या संकेताचा, म्हणजे रंगातील चढउताराचा, उगम मात्र वादग्रस्त आहे. प्रचलित मतानुसार प्रत्येक ठोक्याला त्वचेतील रक्त वाढते, हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश अधिक शोषते आणि परतणारा प्रकाश किंचित घटतो. अडचण अशी की हिरवा प्रकाश जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतो. तेथे मुख्यतः केशवाहिन्या असतात आणि त्या फारशा स्पंदत नाहीत, असे मानले जाते. म्हणून काम्शिलिन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुचवले की खोलवरच्या रोहिण्यांचा दाब वरच्या ऊतीला दाबतो आणि केशवाहिन्यांची दाटी बदलते. त्वचेवर काच टेकवली की संकेत वाढतो, हा त्यांचा लक्षणीय पुरावा. मोसो व सहकाऱ्यांचे २०१८ चे काम पुन्हा रोहिणिकांतील (रोहिण्यांच्या बारीक शाखांतील) रक्ताच्या घटबढीकडे झुकते. दोन्ही यंत्रणा एकत्र चालत असणे अधिक संभाव्य वाटते. ठोक्यागणिक डोके किंचित हलते, त्यावरून नाडी काढण्याची २०१३ ची पद्धत याहून वेगळी. तिची गल्लत करू नये.

एकेका पिक्सेलमधला बदल कॅमेरा नोंदवू शकतो त्या उजळपणाच्या एका पायरीपेक्षाही लहान असू शकतो. म्हणून कपाळ व गालांवरील हजारो पिक्सेलांची सरासरी घेऊन साधारण ०.७ ते ४ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ४२ ते २४० ठोके, एवढाच पट्टा राखतात. दहा सेकंदांच्या तुकड्याचे साधे वारंवारता-विश्लेषण केले तर दोन शेजारच्या वाचनांत सहा ठोक्यांचे अंतर पडते. तुकडा लांबवला तर नाडीतला झटपट बदल निसटतो. हालचालीचा त्रास कमी करण्यासाठी डी हान व जान यांची २०१३ ची रंगसंयोग-पद्धत (लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे संकेत एकत्र जुळवण्याची) अजून वापरात आहे.

नवजात अर्भकांच्या नाजूक त्वचेला चिकटपट्ट्यांपासून वाचवणे, हा या तंत्राचा सर्वांत मोलाचा उपयोग. गडद त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषत असल्याने संकेत क्षीण होतो. अशा त्वचेवर स्वतंत्र पडताळणी झाल्याखेरीज भारतात कोणतेही साधन रुग्णांसाठी वापरू नये.