जास्त कंट्रोल पॉइंट म्हणजे जास्त गुळगुळीत बॉडी?

कॅड (संगणकावर वस्तूंचं डिझाइन) शिकणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: गाडीच्या बॉडीचा वक्र पृष्ठभाग जितक्या जास्त कंट्रोल पॉइंट्सनी (आकार ठरवणाऱ्या बिंदूंनी) बांधाल, तितका तो गुळगुळीत होतो. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण जाळीच्या, म्हणजे लहान सपाट तुकड्यांच्या मॉडेलमध्ये तुकडे वाढवले की गोलाई खरंच सुधारते.

पण नर्ब्स किंवा बेझिए पृष्ठभाग, म्हणजे गणिती सूत्रानं काढलेला पृष्ठभाग, मुळातच सलग असतो. तिथे प्रत्येक पॉइंट पृष्ठभागाला आपल्याकडे ओढतो. पॉइंट वाढले की प्रत्येकाची जागा अचूक हवी. एखादा जरासा सरकला तरी लहर उठते. साध्या शेडेड दृश्यात ती दिसत नाही, चकचकीत रंगावर मात्र लगेच दिसते. तिसऱ्या घाताच्या बेझिए वक्राला 4 पॉइंट लागतात, पाचव्याला 6. बॉनेटच्या मोठ्या, शांत वक्राला बहुधा एवढे पुरतात.

स्वतः पडताळा. एकच कमान आधी 6 पॉइंट्सनी काढा, मग 30 पॉइंट हातानं ठेवून. दोन्हींवर कर्व्हेचर कोम्ब (वक्रता किती ते दाखवणारा, वक्रावरच्या उभ्या रेषांचा कंगवा) लावा. पहिल्याचे दात संथपणे चढ-उतरतील, दुसऱ्याचे बहुतेक वेळा थरथरतील.

पॅनेलच्या सांध्यांवर झेब्रा पट्टे (सॉफ्टवेअरनं पृष्ठभागावर दाखवलेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब) पाहा. पट्टे तुटले तर स्पर्शदिशाच (सांध्यावरची दोन्ही पृष्ठभागांची दिशा) जुळलेली नाही. जुळून कोपरा करत असतील तर वक्रता जुळायची आहे.