विलीन होणार ते नेमकं काय?

विद्यापीठाने शेजारचं छोटं महाविद्यालय आपल्यात सामावून घ्यावं, असा विषय खानदेशात निघाला की आधी पगाराचं विचारतात, मग नावाचं. जागेचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कोणीतरी काढतं आणि तिथून पुढे बैठका लांबतात. असं का होतं हे कळायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

मुंबई विद्यापीठाचा काळ दोन ओळींत आटोपतो. अमळनेर आणि जळगावची पहिली महाविद्यालयं 1945 मध्ये निघाली तेव्हा आपण मुंबईला जोडलेले होतो, 1949 पासून पुण्याला. ध्यानात ठेवायचं ते इतकंच की दोन्ही कॉलेजांना देणगीदारांची नावं आहेत. पैसा शेठ मंडळींचा आणि लोकांचा, कारभार कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण संस्थेचा, परीक्षा विद्यापीठाची. ही मांडणी अजून तीच आहे.

15 ऑगस्ट 1990 ला जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. हा बदल मी जवळून पाहिला. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात जुन्या लेटरहेडचा गठ्ठा शिल्लक होता. क्लार्क भाऊसाहेब पट्टी धरून ‘पुणे’वर निळी रेघ मारायचे, वर नव्या नावाचा रबरी शिक्का उमटवायचे आणि बोनाफाईड पुढे सरकवायचे. बदललं ते एवढंच. प्राचार्य तेच, संस्थाचालक तेच, गळका व्हरांडाही तोच. कागदपत्रांसाठी रात्रभर एसटीत बसून पुणं गाठायचं वाचलं, हा फायदा मात्र खराच. पण त्यातून एक समजूत घट्ट झाली: विद्यापीठ बदलणं म्हणजे मार्कशीटचा माथा बदलणं. पुढे वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेलं, तेव्हाही लोकांनी ते असंच घेतलं.

विलीनीकरण ही निराळीच चीज आहे, आणि तिचा नमुना खानदेशात आहे. धुळ्याचं कृषी महाविद्यालय 1960 चं, सरकारी. राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 मध्ये स्थापन झालं आणि हे कॉलेज त्याचं झालं. ‘घटक’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो तिथूनच. कृषीच्या प्रवेशाला आलेला पोरगा आजही विचारतो, ‘घटक का संलग्न?’ घटक म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं, संलग्न म्हणजे परीक्षा-पदवीपुरतं विद्यापीठाला जोडलेलं, बहुतेक खासगी, फीसुद्धा त्या मानाने जास्त. कला-वाणिज्य-विज्ञानवाल्यांनी हा शब्द उचलला आणि घोळ झाला. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यापीठ स्वतः चालवतं त्या कॉलेजला ‘संचालित’ म्हटलंय. बैठकीत एक जण घटक म्हणतो, दुसरा संचालित, तिसऱ्याच्या मनात संलग्नच राहून ग्रंथालय आणि लॅब तेवढी वापरायची असते. तिघंही माना डोलावतात आणि एकमत झालं असं समजून चहा मागवतात.

धुळ्याला जमलं, कारण मालक सरकारच होतं. या खिशातलं त्या खिशात गेलं. खासगी अनुदानित कॉलेजाचं तसं नाही. जमीन, इमारत, बाकं सगळं संस्थेचं. कॉलेज ही त्या संस्थेची एक शाखा. संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असल्याने जमीन विकायची, बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. म्हणजे विद्यापीठाने कॉलेज घेतलं तरी भिंती आपोआप येत नाहीत. ‘आमनं कॉलेज’ म्हणणाऱ्या गावाला तर धर्मादाय आयुक्त वगैरे ठाऊकच नसतं. त्याला जिन्याखालची संगमरवरी पाटी ठाऊक असते, आजोबांच्या नावापुढे रु. 101 कोरलेली. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला समजतात, तरी ही पाटी अडगळ समजून बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही.

शिक्षकांचंही त्रांगडंच. अनुदानित शिक्षकाची नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा, सहसंचालक कार्यालयामार्फत. विद्यापीठात गेल्यावर सेवाज्येष्ठता कोणत्या यादीत धरायची, बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांची यादी) कोणाची, यावर वर्षं जाऊ शकतात. आणि घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणारे ना या यादीत असतात, ना त्या.

मग आत्ताच हा विषय का निघाला? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचं म्हटलंय, आणि एकेक महाविद्यालय वा विद्यापीठ तीन हजार किंवा जास्त विद्यार्थ्यांचं व्हावं असंही. चारशे-पाचशे पोरांच्या कॉलेजने यातून काय समजायचं ते समजलं. पाठोपाठ मुंबईचे दाखले येऊ लागले: तिथे 2019 मध्ये चार महाविद्यालयं एकत्र करून त्यांचं समूह विद्यापीठ झालं, पुढच्याच वर्षी आणखी एक. दाखले बरोबर आहेत, पण पहिल्यातली चारही सरकारी होती आणि दुसऱ्यातली सगळी एकाच संस्थेची. म्हणजे धुळ्यासारखंच, मालक एकच.

विलीनीकरणाच्या एका ठरावाचा कच्चा मसुदा मध्यंतरी वाचायला मिळाला. पावणेदोन पानं. ‘महाविद्यालय’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत होता. ‘संस्था’ एकदाच, तीही खाली, अध्यक्षांच्या सहीच्या जागेत.