चेंबरमध्ये बसायच्या आधी डोळ्यांबद्दल हे वाचाच

हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपीची (म्हणजे जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये बसून ऑक्सिजन घ्यायची ट्रीटमेंट) वीसेक सिटिंग झाली की बरेच जण घाबरून विचारतात, टीव्हीवरची अक्षरं पुसट दिसायला लागलीत, डोळे गेले का काय! तर नाही. चेंबरमध्ये हवेचा दाब नेहमीच्या दुप्पट-अडीचपट असतो आणि त्यात तुम्ही दीड-दोन तास शुद्ध ऑक्सिजन घेता, त्याचा परिणाम डोळ्यातल्या भिंगावर होतो आणि चष्म्याचा नंबर मायनसकडे सरकतो, साधारण आठवड्याला पाव नंबर. गंमत म्हणजे चाळीशीचा चष्मा असणाऱ्यांना याच काळात पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो आणि त्यांना वाटतं नजर सुधारली, पण तेही तात्पुरतंच.

म्हणून कळकळीने सांगतो, ट्रीटमेंट चालू असताना नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. सिटिंग संपल्यावर नंबर हळूहळू मागे येतो, कुणाचा दीड महिन्यात तर कुणाला सहा महिने ते वर्षही लागतं. तोवर लांबचं धूसर दिसत असेल तर गाडी चालवू नका, घरच्यांना सोबत आणा.

मोतीबिंदू आधीपासून असेल तर तो थोडा वाढू शकतो, आणि सिटिंग शंभर-दीडशेच्या वर गेली तर नवीन होऊ शकतो, त्यामुळे लांबलचक कोर्स असेल तर सुरू करायच्या आधी डोळे तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत चेंबरमध्ये बसायचंच नाही, कारण दाब कमी-जास्त झाला की तो बुडबुडा आकसतो-फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. ऑपरेशन जुनं असलं तरी सांगा, आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा. हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स काढून या, तिच्याखाली बुडबुडे अडकतात, सॉफ्ट चालते. डोळ्यात मलम घालून येऊ नका, व्हॅसलीनसारखा चिकट बेस असेल तर ऑक्सिजनमध्ये आगीचा धोका असतो.

या थेरपीचा डोळ्यांना उपयोगही आहे बरं का. पडद्याची मुख्य धमनी अचानक बंद पडली तर रक्तात विरघळलेला जास्तीचा ऑक्सिजन मागच्या थरातून पडद्यापर्यंत पोचतो आणि त्याला तग धरायला मदत होते, नजर परत येईलच अशी गॅरंटी मात्र कुणी देऊ नये. यासाठी २४ तासांच्या आत यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. एका डोळ्याने अचानक, न दुखता दिसेनासं झालं तर तो डोळ्यातला स्ट्रोकच समजा, सकाळपर्यंत वाट बघू नका, आमच्याकडेही आधी येऊ नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि कधीपासून दिसत नाहीये ती वेळ तिथे सांगा.