पंप कमी केला की ॲव्हरेज वाढतं?

रोटरी पंपाच्या (इंजिनला डिझेल मोजून देणारा पंप) जुन्या डिझेल व्हॅनला हा सल्ला हमखास मिळतो: पंपाचा मेन स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढा, म्हणजे डिझेल कमी जाईल. पण त्या स्क्रूचं मुख्य काम पॅडल पूर्ण दाबल्यावरची कमाल मर्यादा ठरवणं. सपाटीवर ६०च्या वेगाला लागतं तेवढं डिझेल लागणारच. पॅडल थोडं जास्त दाबाल, इतकंच. भरली गाडी घाटात मात्र खालच्या गिअरवर रडते. शिवाय आयडलिंग (पॅडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) उतरतं आणि सिग्नलला इंजिन बंद पडतं.

काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) टेस्टरवर लावा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. टोकाशी थेंब जमत असेल तर डिझेल अर्धवट जळतंय. पंपाचं टायमिंग मागे गेलं असेल, म्हणजे डिझेल उशिरा फवारलं जात असेल, तरी ओढ कमी होते. आणि ब्रेक घासत नाहीत ना? एखादाच ड्रम जास्त तापत असेल तर चोर तिथे आहे.