मुंबईच्या पोरांच्या हाताला माती लागली कशी

डिसेंबर आला की शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, ५ तारखेला मृदा दिन आहे, मुलांबरोबर वाटीभर माती पाठवा. मग सोसायटीत सगळं पेव्हर ब्लॉक, त्यामुळे बरेच जण नर्सरीतून लाल मातीची पिशवी आणतात आणि वर्गात तीस वाट्यांमध्ये एकाच पिशवीतली माती जमते. हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २०१४ पासून साजरा होतोय, पण लहान मुलांना माती हाताळायला देऊन शिकवायचं ही गोष्ट आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती माहीत असली तर त्या वाटीभर मातीचं काय करायचं हेही सुचतं.

सुरुवात वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली, झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला आणि सूतकताईबरोबर शेतीही शिकण्याचं साधन झाली. म्हणजे वाफा खणता खणता गणित, खत घालता घालता विज्ञान. कल्पना फार मोठी होती, पण शेतकरी आईबाप म्हणायचे की माती तर पोरगं घरी पण उपसतं, शाळेत कशाला पाठवू? मला हा प्रश्न अजूनही खरा वाटतो, कारण त्यात माती म्हणजे काम होतं आणि मुलाला मातीबद्दल कुतूहल वाटावं ही गोष्ट मागे पडत गेली.

ती गोष्ट पुढे आणली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे दोघी डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार, म्हणून बिया, शंखशिंपले, पानं, माती हेच साहित्य झालं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची, ती कुरणशाळा. मला तर वाटतं की आज आपण ज्याला ॲक्टिव्हिटी म्हणतो तिचं मराठी मूळ इथेच आहे, आणि ते मुंबईपासून लोकलने जाण्याइतकं जवळ आहे.

तिसरं वळण मध्य प्रदेशातलं, पण त्यातही मुंबईचा हात आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात मदतीला होते. मुलं आधी करून बघणार, मग वहीत लिहिणार, उत्तर आयतं मिळणार नाही. इकडे मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं, जे आता मानखुर्दला आहे, आणि त्यांनी प्राथमिकच्या मुलांसाठी बघा, मोजा, चित्र काढा अशा धाटणीची पुस्तकं केली.

बरणीचा प्रयोग याच विचारातला. मूठभर माती, बरणीभर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला, पोयटा म्हणजे वाळूपेक्षा बारीक गाळ काही तासांत, आणि चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असल्याने पाणी दुसऱ्या दिवशीपण गढूळच, वर तरंगतो तो पालापाचोळा. गणपतीच्या वर्कशॉपमधली उरलेली शाडू त्याच दिवशी दुसऱ्या बरणीत टाका, मुलांना फरक सांगावा लागत नाही. एकाच पिशवीतल्या तीस वाट्यांनी मात्र हे होत नाही, त्यासाठी वेगवेगळ्या जागची माती लागते.

आणि मुंबईत ती आहे की! धारावी-माहीमचं निसर्ग उद्यान बघा, तिथे आधी शहराचा कचरा पडायचा, मग डम्पिंग थांबलं, १९८३ मध्ये सलीम अली यांच्या हस्ते पहिलं झाड लागलं, १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज शाळांच्या सहली तिथे जातात आणि जिथे पायाखाली कचऱ्याचा डोंगर होता तिथे मुलं पालापाचोळ्याखालचे किडे शोधतात. माती तयार होते, हे यापेक्षा चांगलं कुठे दाखवणार?

दुसरी जागा तर गल्लीगल्लीत आहे, रिडेव्हलपमेंटचा खड्डा. पत्र्याच्या फटीतून, वॉचमनकाकांना विचारून, लांबूनच बघायचं. समुद्र-खाडीत भराव टाकून केलेल्या भागात वर विटांचे तुकडे आणि डेब्रिज, त्याखाली कधी कधी शिंपल्यांचा काळा चिखल, मग मुरूम, आणि सगळ्यात खाली काळा कातळ. चौथीतलं पोरगं तो काळा चिखल बघून विचारतं की इथे समुद्र होता का, आणि बऱ्याच वेळा उत्तर असतं, हो होता.