घर बदलताय? आधी तारखा सांगा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक : पुणे व पिंपरी-चिंचवड)

घर लहान पडतं म्हणून बदलायचंय, असं बहुतेक जण सांगतात. पण ते घर चार वर्षांपूर्वीही तेवढंच होतं. हलायचं पक्कं होतं ते लग्न, बाळ, शाळा, बदली, आईवडिलांचं दुखणं किंवा घरातलं कुणी गेलं की. म्हणून बजेटच्या आधी आम्ही दोन गोष्टी विचारतो: घरात काय घडलंय, आणि कोणत्या तारखेच्या आत हलायचंय?

लग्न, बदली
पहिलं वर्ष भाड्यानं काढा. नोकरीची जागा आणि रोजचा प्रवास ठरल्याशिवाय कर्जात अडकू नका. बदलीचा हुकूम फिरूही शकतो, तेव्हा लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) जेवढा कमी तेवढा बरा.

करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. भाडं २०,०००, अनामत १ लाख, मुदत ११ महिने असेल तर मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्यासाठी नोटरीवर भागवू नका.

शाळा
आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव जागांसाठी घरापासून शाळेचं अंतर पाहतात. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. भाडेकरूंचे अर्ज अडतात ते इथे. पत्त्याचा पुरावा म्हणून करार नोंदणीकृतच लागतो, आणि तो अर्ज भरण्याआधीचा हवा. सोडत लागल्यावर घाईनं केलेला करार पडताळणीत टिकत नाही. शिवाय प्रत्यक्ष राहणंही तिथंच हवं.

बाळ
माहेराहून परतताना थेट नव्या घरात, असा बेत असतो आणि नेमकं रंगकाम लांबतं. ओल्या रंगाच्या वासात तान्हं बाळ ठेवता येत नाही. रंग संपल्यावर खिडक्या उघड्या ठेवून पंधरा दिवस हातात राहतील, असा हिशेब धरा.

आईवडील राहायला येणार
इथे आम्ही टेप घेऊनच जातो. संडास-बाथरूमची दारं पुष्कळ इमारतींत २४ ते २७ इंचांची असतात. चाकाची खुर्ची साधारण २५-२६ इंच रुंद. चौकट आणि बिजागरीकडून उघडं राहिलेलं दार धरलं की ती अडकते. मोकळी जागा ३२ इंच मिळाली तर उत्तम. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का, तेही पाहा. लिफ्ट जिन्याच्या अर्ध्या टप्प्यावर थांबत असेल, तर उरलेल्या आठेक पायऱ्या रोज चढायच्या-उतरायच्या. ‘लिफ्ट आहे’ एवढं ऐकून टोकन देऊ नका.

घरातलं कुणी गेल्यावर
इथे घाई सगळ्यात महाग पडते. मुलं दिवसांसाठी आलेली असतात, आठवड्यात परतायचं असतं, आणि फ्लॅट विकून आईला न्यायचं ठरतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीत त्याचं नाव लागलं तरी वारसांचा हक्क राहतोच, आणि एकट्या नॉमिनीच्या सहीवर जाणता खरेदीदार पैसे देत नाही. मृत्यू दाखला, मूळ भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट), मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आधी एका फाइलीत लावा. मृत्युपत्र असेल तर तेही. परदेशातल्या मुलानं तिथून मुखत्यारपत्र पाठवलं, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट कपाटात राहतं आणि मुदत टळते, हे हमखास होतं.

आमचा सल्ला: निदान वर्षभर विकू नका, भाड्यानं द्या. त्यासाठी सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) घेईल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आईला तिकडे नाहीच करमलं, तर परतायला घर राहतं.